पहिली मांड

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात. तटाखाली हळीव पेरले जातात, आरशाच्या तुकड्याचे तळे होते आणि कुंभारवाड्यातून चित्रे येतात. सिंहासनावरचे महाराज, भालाईत मावळे, तोफ, गुहेतला वाघ, आणि चढावर डोळ्यांत भरेल अशा जागी एक घोडेस्वार. हा स्वार आणि त्याचा घोडा एकाच साच्यातून निघालेले असतात. स्वाराला खाली उतरवू म्हटले तर उतरवता येत नाही. फार ओढाताण केली तर दोघांचाही कपाळमोक्ष होतो.

खऱ्या आयुष्यात ही जोडी साच्यातून निघत नाही. ती जुळवावी लागते, आणि जुळवायची तर ती लहानपणीच, असे जुनी माणसे मानीत. आपल्या इतिहासाची पुस्तके टापांच्या आवाजाने दुमदुमत असतात. १७५८ साली मराठी घोडी अटकेला पोचली हे शाळकरी पोरही सांगते. पण त्या घोड्यांवर बसलेल्या माणसांना पहिल्या दिवशी कोणी उचलून बसवले, कसे बसवले, हे फारसे कोणी विचारत नाही. जणू मराठ्यांची मुले रिकिबीत पाय घालूनच जन्माला येत! मला मात्र पुष्कळशा लढायांपेक्षा ही पहिली शिकवणीच अधिक मोलाची वाटते, म्हणून या दिवाळीला तिच्याविषयी चार शब्द.

प्रारंभ शब्दापासून करू. घोड्यावर नीट बसण्याला मराठीत एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे मांड. मांड्यांच्या आवळणीने घोड्याच्या पाठीशी जी जोड होते ती मांड. लगाम हातात असतो खरा, पण घोडा सांभाळलेला असतो तो मांडीने आणि कंबरेने. ज्याची मांड कच्ची तो तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळतो, आणि त्याच्या अडाणीपणाची शिक्षा घोड्याच्या तोंडाला होते. जुन्या घोडेवाल्यांच्या तोंडून ऐकलेली रीत अशी : मुलाला पहिल्या दिवसांत खोगीर द्यायचे नाही, रिकीब द्यायची नाही, लगाम तर नाहीच नाही. गरीब स्वभावाचे, वयाने थोडे उतरलेले एखादे तट्टू निवडायचे, त्याच्या पाठीवर घोंगडी टाकायची, मुलाला वर बसवायचे आणि मोतद्दाराने मोहरकी धरून चालू लागायचे. मुलाने हवी तर आयाळ धरावी. साधी चाल अंगवळणी पडली की दुडकी. खरी परीक्षा ती हीच, कारण दुडक्या चालीत हाडे खिळखिळी होतात आणि नवखा स्वार पोत्यासारखा उधळतो. दुडकी पचली की मग खोगीर, मग रिकीब आणि सर्वांत शेवटी लगाम. घोड्याच्या पाठीचा ठेका कंबरेत उतरल्याशिवाय त्याच्या तोंडाची दोरी कोणाच्या हाती द्यायची नाही, असा हा नेम. यात दया आहे. ती मुलावर अधिक की घोड्यावर, हे सांगणे कठीण.

पाठीवर बसण्याच्या आधीही एक पाठ असे, तो जमिनीवरचा. तोबऱ्यात दाणा घालणे, खरारा करणे, खुरात अडकलेला खडा काढणे, अगाडी-पिछाडी बांधणे. घोड्याच्या मागून जाताना त्याला आवाज देऊन जावे, हे ज्या मुलाला कळले त्याला निम्मी विद्या आली. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर देणारा उखाणा आपल्या आज्या घालीत : न फिरवल्यामुळे! चूल, पानाची चंची आणि पागा ही तिन्ही एका वाक्यात बसवणारी ती आजी घोड्याला परकी नव्हती. घोडा तिच्या दारातलाच होता.

दारातला होता याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची निम्मी-अधिक मिळकत. लढाईत घोडा पडला तर शिलेदाराचा एकदम बारगीर होण्याची पाळी. ज्या घरात शेतीइतकीच पोटाची मदार घोड्यावर आहे, त्या घरातल्या पोराला घोडा शिकवणे ही हौस कशी असेल? तेली आपल्या पोराला घाणा दाखवतो, सुतार वाकस हातात देतो, तशीच ती गोष्ट होती. म्हणूनच तिची कोणी नोंद केली नाही. रोजचे जेवण कोण लिहून ठेवतो?

पागेची नोंद मात्र आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीस शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले, त्यात दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचे सांगितले आहे. पाणी आणि नाल यांची तरतूद हुकमाने लावून दिलेली! त्याहूनही बोलके आहे ते महाराजांचे १६७३ सालचे, चिपळूणच्या बाजूला छावणीस असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र. दाणा-वैरण आताच उधळून टाकाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशा अर्थाची ताकीद त्यात आहे. पुढे तर महाराज उंदरापर्यंत येतात. रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग घोडी कोठून वाचणार? राज्य उभारणारा पुरुष उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करतो आहे. असा विचार करण्याची सवय मोठेपणी हुकूम सोडताना लागत नाही. ती कधीतरी लहानपणी पागेत वावरल्याने लागते, असे मला वाटते.

मोठ्या घरच्या मुलांना ही विद्या लवकर कामी येई. १६६५ साली पुरंदरचा तह झाला आणि मोगलांची पाच हजारी मनसब संभाजीराजांच्या नावे ठरली. राजांचे वय तेव्हा आठ वर्षांचे. पुढच्याच वर्षी त्यांना वडिलांबरोबर आग्र्याची वाट धरावी लागली. कागदावर पाच हजार स्वारांचा धनी असलेल्या मुलाला स्वतःला घोड्यावर बसता येत नसते, तर दरबारात हसे झाले असते. आणि दुसऱ्या टोकाला पाहा. होळ गावचा मल्हारी, बाप गेल्यावर आईबरोबर खानदेशात तळोद्यास मामाकडे आलेला. मेंढरे राखणारे धनगराचे पोर. मामा भोजराज बारगळ हे कदम बांड्यांच्या पदरी स्वार बाळगून होते. त्या पागेच्या वाऱ्याला उभे राहून हे पोर घोड्यावर चढले ते थेट माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर होऊनच थांबले. मनसबीचा राजपुत्र आणि मेंढक्याचा पोर, दोघांचा पहिला धडा एकच. घोड्याला जात कळत नाही आणि हुद्दाही कळत नाही. मांड कच्ची असेल तर तो दोघांनाही सारखाच खाली टाकतो.

आता मुलींकडे वळतो. कारण या विषयात आपण सर्वांत मोठा घोटाळा करून ठेवला आहे तो तेथे.

ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला मोरोपंत तांबे राहिले. त्यांची आई नसलेली मुलगी मनू नानासाहेब, रावसाहेब यांच्याबरोबर वाढली, त्यांच्याबरोबर घोडा फेकू लागली, तात्या टोप्यांकडून युद्धकला शिकली, ही कथा आपण सर्वांनी क्रमिक पुस्तकात वाचली आहे. कथा गोड आहे, पण सनावळीशी तिचे नीट जुळत नाही. राणी लक्ष्मीबाईंच्या जन्माचे साल कोणी १८२८ देतात, कोणी १८३५. नानासाहेबांचा जन्म १८२४ च्या आसपासचा, तात्यांचा त्याच्याही बऱ्याच आधीचा. १८३५ हे साल खरे धरले, तर मनू पाच वर्षांची असताना नानासाहेब सोळा वर्षांचे होतात. सोळा वर्षांचा तरुण आणि पाच वर्षांची पोर यांची घोड्यांची शर्यत कशी लागावी? बखर सांगणाऱ्याला असल्या आकड्यांची अडचण पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

परंतु माझी तक्रार सनावळीची नाही. मनू मुलांत वाढली म्हणून मुलांसारखी घोड्यावर बसली, असा जो या कथेचा सूर आहे, तो मला खटकतो. जणू मुलीने घोडा शिकणे हा एक चमत्कार, आणि त्याला कारण म्हणून मुलग्यांची संगत दाखवलीच पाहिजे! असल्या घरांत खरोखर काय चालत असे याचा एक उत्तम साक्षीदार आपल्याला मिळाला आहे, आणि तो परका असल्यामुळे त्याला आपली भीड नाही.

अलाहाबादच्या एका जकात अधिकाऱ्याची बायको फॅनी पार्क्स ही मोठी चौकस बाई. हिंदुस्थानी बोलणारी, स्वतः घोड्यावर बसणारी. तिने आपल्या भटकंतीचे भले मोठे पुस्तक १८५० साली लंडनला छापले. १८३५ साली ती फत्तेगडला गेली. तेथे गंगेकाठी बायजाबाई शिंदे यांची छावणी पडलेली होती. बायजाबाई मूळच्या कागलच्या घाटग्यांच्या, सर्जेराव घाटग्यांची कन्या, दौलतराव शिंद्यांची राणी. पतीच्या मागे १८२७ पासून त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार केला आणि १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. राज्य गेले होते, तंबूत राहणे आले होते. पण छावणीतल्या बायकांची घोडदौड काही थांबली नव्हती. बायजाबाई स्वतः तरुणपणी नावाजलेल्या घोडेस्वार. त्यांची नात गजराराजा हीही घोड्यावर बसणारी.

फॅनीबाई तेथे आपले विलायती खोगीर घेऊन गेली. त्या काळी गोऱ्या बायका घोड्यावर बसत त्या दोन्ही पाय एकाच अंगाला सोडून. पुरुषासारखे दोहीकडे पाय टाकून बसणे हे त्यांच्यात असभ्य. आपल्या मराठमोळ्या बायकांनी हे वाकडे खोगीर पाहिले, त्यावर बसून पाहिले आणि त्यांची हसता हसता पुरेवाट झाली. एका बाजूला लोंबणारी ही बाई घोड्यावर टिकते तरी कशी, हेच त्यांना कळेना. मग त्यांनी उलट आग्रह केला : आता तू आमच्यासारखी बस. पाहुणीने मराठी लुगडे नेसले, कासोटा घातला आणि मराठी घोड्यावर दोहीकडे पाय टाकून ती बसली. तो अनुभव तिला इतका मानवला, की आपल्या देशातल्या बायकांची चांगली बैठक बिघडवल्याबद्दल तिने त्यांच्या एलिझाबेथ राणीलाच बोल लावला आहे!

या मजेदार प्रसंगात मोठा इतिहास आहे. नऊवारी लुगडे आणि कासोटा हा पेहराव काही देव्हाऱ्यापुढे बसण्यापुरता नव्हता. तो घोड्यावर बसण्याच्या कामाचा होता, आणि त्या छावणीतल्या बायकांची मांड एका दिवसात कमावलेली नव्हती. आजीने शिकायचे, लेकीने शिकायचे, नातीने शिकायचे, अशी ती चालत आलेली होती. फत्तेगडहून गंगेच्या प्रवाहाबरोबर खाली आले की कानपूरच्या अलीकडे ब्रह्मावर्त लागते. मनूचा जन्म १८२८ चा धरला तर फॅनीबाई फत्तेगडला हसत होती तेव्हा मनू सात वर्षांची होती. त्याच गंगेच्या काठी, तशाच देशोधडीला लागलेल्या एका मराठी घरात. नानासाहेबांची संगत असो वा नसो, तिला घोडा शिकवण्यासाठी चमत्काराची गरज नव्हती. चांगल्या घरच्या मुलीला लिहायला शिकवावे तसे घोड्यावर बसायला शिकवीत, इतकेच. आपण एका रीतीची दंतकथा केली, आणि दंतकथा केली म्हणजे आपल्या मुलींना ते शिकवण्याच्या जबाबदारीतून सुटका होते.

लक्ष्मीबाईंच्या विद्येविषयी मात्र दंतकथेपलीकडची साक्ष आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके सत्तावनच्या वावटळीत सापडले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. बाईसाहेबांचा घोड्याची परीक्षा करण्यात लौकिक कसा होता, हे त्या काळच्या आठवणींतून पुन्हा पुन्हा येते. एका सौदागराने आणलेल्या, दिसायला सारख्याच उमद्या दोन घोड्यांवर त्या बसल्या. फेरफटका मारून उतरल्यावर त्यांनी एकाची किंमत हजार रुपये सांगितली आणि दुसऱ्याची अवघी पन्नास. याची छाती दुखावलेली आहे, म्हणाल्या. सौदागराने ते कबूल केले. डोळ्याला न दिसणारे दुखणे त्यांना मांडीला कळले. ही परीक्षा मोठेपणी पुस्तक वाचून येत नाही. त्यासाठी लहानपणी शंभर घोड्यांवरून शंभरदा पडावे लागते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. चौकाचौकांतल्या पुतळ्यांवर राणीच्या पाठीशी तान्हे मूल बांधलेले असते. दामोदरराव काही तान्हे नव्हते. दत्तकविधान १८५३ च्या नोव्हेंबरात झाले तेव्हाच ते पाच वर्षांच्या आसपासचे होते. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी सोडून राणी काल्पीकडे निघाली तेव्हा ते नऊच्या घरात आले होते. झाशी ते काल्पी हे अंतर सुमारे शंभर मैल, आणि ते तिने एका दमात, दिवसभराच्या आसपासच्या अवधीत तोडले. तान्हे मूल पाठीवरचे गाठोडे असते. नऊ वर्षांचे मूल तसे नसते. मागे बसलेल्या मुलाची स्वतःची मांड नसेल, तर ते प्रत्येक उडीला पुढच्या स्वाराला मागे खेचते. त्या रात्री राणी जितकी नीट बसली असेल तितकेच ते पोरही नीट बसले असले पाहिजे. पुतळे करणाऱ्यांनी त्याचे वय कमी करून त्याचे श्रेय काढून घेतले, असे मला नेहमी वाटते. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ तिचा शेवट झाला. परंपरा सांगते की तिचा नेहमीचा घोडा त्या दिवशी नव्हता. शिंद्यांच्या पागेतला नवा घोडा होता, आणि तो ओढ्याकाठी अडला. आजीच्या उखाण्यातला तो ‘अडलेला’ घोडा येथे वाचताना मात्र हसू येत नाही.

पुढे ही विद्या झपाट्याने मावळली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाच शिलेदारांचा व्यवसाय संपला होता. काही स्वार इंग्रजांच्या पलटणींत गेले, काहींनी घोडी विकून बैल घेतले. आगगाडी आली, टांगा आला, आणि घोडा पाठीवर बसण्याचा प्राणी न राहता पुढे जुंपण्याचा झाला. शहरातल्या शिकलेल्या घरांत मुलगा सायकल शिकू लागला. मुलीने घोड्यावर बसणे हे तर आता अब्रूच्या विरुद्ध ठरले, आणि जी रीत आपल्या आज्यांची होती तिला लोक विलायती फॅशन म्हणू लागले. असो.

परंतु कोल्हापुरास एक प्रसंग असा घडला, की त्यासाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहायला घेतला.

शाहू छत्रपती मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, म्हणजे बायजाबाईंच्याच माहेरचे. १८८४ मध्ये दहाव्या वर्षी ते दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. राजकोटला आणि मग धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. धिप्पाड देहाचा हा राजा घोडा, शिकार आणि कुस्ती यांच्या नादात रमणारा होता. त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजीराजे यांचे लग्न १९१७ च्या जून महिन्यात सासवडच्या जगतापांच्या कन्येशी झाले. सासरी तिचे नाव इंदुमती ठेवले. वय साडेदहा वर्षांचे. लग्नाला वर्ष उलटून आठवडाही झाला नव्हता, तोच १२ जून १९१८ रोजी डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून शिवाजीराजे गेले. ते एकोणीस वर्षांचे होते, आणि विधवा झालेली सून बारा वर्षांचीही नव्हती.

वाचकहो, त्या वाड्याची क्षणभर कल्पना करा. ज्या घरात तरुण मुलगा घोड्यावरून पडून गेला, त्या घरात घोड्याचे नाव काढणेही नको होते. आणि बालविधवेच्या वाट्याला तर त्या काळी मोठ्या घरातसुद्धा काय येत असे, ते सांगायला नको. मोठे घर म्हणजे मोठा कोपरा, एवढाच फरक. महाराजांनी काय केले? त्यांनी सुनेला राजवाड्याच्या कोपऱ्यातून बाहेर काढले. शहराबाहेर सोनतळीच्या आपल्या मुक्कामी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबत शिकायला आणखी मुली ठेवल्या. घरातून विरोध झाला, तो त्यांनी जुमानला नाही. तेथे तिला लिहिणे-वाचणे शिकवले, इंग्रजी शिकवले आणि घोड्यावर बसायलाही शिकवले. पुढे मोटार हाकणे, शिकार हेही आले.

मुलगा ज्यामुळे गेला तीच विद्या त्याच्या पोरसवदा विधवेला द्यायची, यासाठी काय काळीज लागले असेल! मला वाटते, महाराजांना घोडा कळत होता म्हणून हे जमले. ज्याला घोडा कळत नाही तो अपघातानंतर घोड्याला दोष देतो आणि तबेल्याला कुलूप लावतो. ज्याला कळतो त्याला ठाऊक असते, की पडलेल्याच्या घरच्यांना पुन्हा घोड्यावर बसवले नाही तर भीती पिढ्यान्‌पिढ्या घरात मुक्काम करते. शिवाय त्या मुलीच्या डोक्यावर वैधव्य होते. खाली पाहून चालण्याचे तिला आजूबाजूचे सारे जग शिकवणार होते. घोड्यावर बसलेल्या माणसाला खाली पाहून चालत नाही. त्याला घोड्याच्या दोन कानांच्या मधून पुढे पाहावे लागते. नाहीतर तोल जातो.

महाराज १९२२ च्या मे महिन्यात वारले. सुनेला डॉक्टर करावे असा त्यांचा मानस होता, तो राहून गेला. पण १९२५ साली इंदुमतीदेवी मॅट्रिकची परीक्षा पास झाल्या. पुढे कोल्हापुरात स्त्रियांच्या शिक्षणाच्या कामात त्यांनी आपले आयुष्य घातले.

आज मुलांना घोड्यावर बसवायचे म्हटले तर आपण माथेरानला जातो. मोटारगाड्यांना मज्जाव असल्यामुळे घोडा तेथे टिकून राहिला. माझीही पहिली मांड, तिला मांड म्हणायचे तर, तिथल्याच तांबड्या मातीत पडली. त्या तट्टाचे नाव मला आजही आठवते, पण मोहरकी धरून मैलभर माझ्याबरोबर चालणाऱ्या घोडेवाल्याचे नाव विचारायचे कोणाला सुचले नाही. जुन्या कागदांतही हेच आहे. शिकलेल्यांची नावे पानोपानी आहेत. बायजाबाईंना, मनूला, संभाजीराजांना पहिल्या दिवशी उचलून पाठीवर ठेवणारा मोतद्दार आणि अडेल घोडे नरम करून देणारा चाबूकस्वार मात्र त्यांच्या चरित्रांत भेटत नाहीत. शहरांत अश्वारोहणाचे वर्ग आहेत. डोक्याला टोपी घालून मुले-मुली सारख्याच उत्साहाने रिंगणात फिरतात, आणि मुलींकडे पाहून कोणी भुवया उंचावत नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. पण तेथली उंचनिंच घोडी बहुधा परक्या रक्ताची. आपल्या भीमथडीच्या तट्टाची जात तर उरली नाही असेच पुष्कळांनी धरून चालले होते. भीमेच्या खोऱ्यातले हे बुटके, काटक, थोड्या वैरणीवर डोंगर चढणारे जनावर. ते उरले नव्हते असे नाही. आपण पाहत नव्हतो. २०२४ च्या आरंभी भीमथडीला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदणी मिळाली, तेव्हा ते कोठे जिवंत राहिले हे लोकांना कळले. ते राहिले मेंढपाळ धनगरांच्या दावणीला.

पाऊस सरला की देशावरचे धनगर वाडे कोकणाची वाट धरतात. दिवाळीच्या आगेमागे घाटाच्या रस्त्यांवर त्यांच्या रांगा दिसतात. पुरुष मेंढरांबरोबर रानातून जातात, आणि बिऱ्हाड तट्टांवर घालून बायका रस्त्याने चालतात. तट्टाच्या एका अंगाला भांडी, दुसऱ्या अंगाला वाघर, वर घोंगड्या, एखाद्या झोळीत कालपरवा जन्मलेले कोकरू, आणि या साऱ्याच्या शेंड्यावर दोन-तीन वर्षांचे मूल. ना खोगीर, ना रिकीब. तट्टू उतारावर घसरत पाय टाकते तसे ते मूल मागे रेलते, चढ लागला की पुढे वाकते. आई पुढे दोर धरून चालत असते. मागे वळून ती पाहते ती बहुधा कोकराकडे.